तारणाचा वाद आणि खोटी साक्ष

माणूस आपल्या कृत्यांनी, मग ती नैसर्गिक सामर्थ्याने केलेली असोत की नियमशास्त्राच्या शिकवणीने, येशू ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या दैवी कृपेवाचून देवापुढे नीतिमान ठरू शकतो, असे जो म्हणेल तो शापित असो. हे विधान कोणाचे, असे एखाद्या प्रॉटेस्टंट माणसाला विचारले तर तो बहुधा प्रॉटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरचे नाव घेईल. प्रत्यक्षात ते कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट येथील परिषदेचे आहे. १३ जानेवारी १५४७ रोजी, परिषदेच्या सहाव्या सत्रात, पापी माणूस नीतिमान कसा ठरतो याविषयीचा निर्णय मंजूर झाला. त्यातल्या ३३ शापवचनांपैकी हे पहिले. ल्यूथरला उत्तर द्यायला जमलेल्या बिशपांनी सर्वांत आधी शाप दिला तो कर्मांच्या जोरावर स्वर्ग गाठू पाहणाऱ्या माणसाला.

आता दुसऱ्या बाजूचे एक विधान घेऊ. विश्वास ही जिवंत, उद्योगी, सामर्थ्यवान गोष्ट आहे. तिच्या हातून अखंड चांगले घडल्यावाचून राहणेच अशक्य. सत्कृत्ये करावीत की नाहीत हे ती विचारत बसत नाही. विचारायच्या आत तिने ती केलेली असतात. हे कोणा कॅथलिक संताचे वाटेल. लिहिले आहे ल्यूथरने, १५२२ साली, रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत.

ही दोन्ही विधाने कुठल्या दप्तरात दडलेली नाहीत. तरीही पाचशे वर्षांनंतर प्रवचनांतून, धर्मशिक्षणाच्या वर्गांतून आणि घरातल्या वादांतून काय ऐकू येते? कॅथलिक लोक पुण्य साठवून स्वर्ग विकत घेऊ पाहतात. प्रॉटेस्टंट लोक एकदा विश्वास ठेवला की वाटेल तसे वागायला मोकळे होतात. ही केवळ सोपी करून सांगितलेली मांडणी आहे असे म्हणून मी सोडून देणार नाही. समोरचा जे मानत नाही, किंबहुना जे मानणाऱ्याला त्याच्याच मंडळीने दोषी ठरवले आहे, ते त्याच्या माथी मारणे याला शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष म्हणतात. दहा आज्ञांमध्ये ती मनाई आहे. कॅथलिक आणि ल्यूथरन मोजणीत आठवी, इतर बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत नववी. क्रमांकावर मतभेद आहे, आज्ञेवर नाही. ल्यूथरने १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीत या आज्ञेचा अर्थ सांगताना लिहिले की शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. इग्नेशियस लोयोला हा त्याच काळातला, पण समोरच्या गोटातला. त्याने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात आरंभीच सांगून ठेवले की शेजाऱ्याचे म्हणणे दोषी ठरवण्यापेक्षा ते वाचवण्याकडे चांगल्या ख्रिस्ती माणसाचा कल असावा. दोघांचेही अनुयायी ही वाक्ये पाठ करतात आणि तारणाचा विषय निघाला की विसरतात.

माझे म्हणणे असे नाही की वाद खोटा आहे. दोघे शेवटी एकच सांगतात, उगाच भांडतात, असे म्हणणारी एक गोड भूमिका असते. तीही मला मान्य नाही. वाद खरा आहे आणि खोल आहे. पण तो ‘विश्वास की कृत्ये’ या फलकाखाली नाही, आणि तो फलक लावून भांडत राहिल्यामुळे खऱ्या प्रश्नापर्यंत कोणी पोचतच नाही.

सुरुवात कुठे झाली ते जवळून पाहिले पाहिजे. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्ट १५१४ साली माइन्त्सचा आर्चबिशप झाला तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. त्याच्याकडे आधीच माग्देबुर्गचे आर्चबिशपपद होते. वय कमी आणि पदे जास्त, अशा दोन्ही बाबतींत नियमांतून सूट मिळवण्यासाठी त्याला रोमला मोठी रक्कम भरायची होती, आणि ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडायचे कसे? पोप दहावा लिओ याने त्याच्या प्रदेशात दंडमाफीची पत्रे देण्यास परवानगी दिली. अर्धी रक्कम रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला, अर्धी फुगरांच्या वसुलीला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन साधू गावोगाव ती पत्रे घेऊन फिरला. श्रद्धाळू माणसाला वाटे की आपण मेलेल्या आईबापांना शुद्धिस्थानातून, म्हणजे स्वर्गाआधी आत्मे जिथे शुद्ध होतात तिथून, सोडवतो आहोत. त्याच्या नाण्यांपैकी निम्मी सावकाराच्या वहीत जमा होत होती.

अधिकृत शिकवण एवढी ढोबळ नव्हती, हे कॅथलिकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. दंडमाफी ही पापांची क्षमा नव्हेच. पापाची क्षमा झाल्यानंतर जी ऐहिक शिक्षा भोगायची उरते तिच्यातली ती सूट, आणि पश्चात्ताप व पापनिवेदन यांच्यावाचून ती लागू होत नाही, असे धर्मशास्त्र होते. पण बाजारात उभा असलेला माणूस धर्मशास्त्राची कलमे ऐकत नव्हता, आणि विकणाऱ्याला ती ऐकवण्याची घाई नव्हती. ऑक्टोबर १५१७ मध्ये ल्यूथरने आर्चबिशप आल्ब्रेख्टला जी ९५ विधाने पाठवली त्यांतले पहिलेच सांगते की ‘पश्चात्ताप करा’ असे प्रभूने म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे व्हावे असे त्याला अभिप्रेत होते. त्रेचाळिसावे सांगते की गरिबाला देणारा किंवा गरजूला उसने देणारा माणूस दंडमाफी विकत घेणाऱ्यापेक्षा चांगले कृत्य करतो. म्हणजे ल्यूथरचा पहिला जाहीर आक्षेप सत्कृत्यांवर नव्हता. खऱ्या सत्कृत्याच्या जागी कागद आला यावर होता. पुढे १५६७ साली पोप पाचवा पायस याने पैशांशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या रद्द केल्या. तक्रारीत तथ्य होते हे रोमने अशा रीतीने मान्य केले, पण तोवर पन्नास वर्षे उलटली होती आणि युरोप दुभंगला होता.

तथापि दंडमाफी हे निमित्त होते. ल्यूथरचे खरे दुखणे मठातले होते, आणि ते समजल्याशिवाय या वादाचे मर्म हाती लागत नाही. एर्फुर्टला तो ज्या विद्यापरंपरेत शिकला तिच्यात एक वाक्य फार चालत असे: जो आपल्याकडून होईल तेवढे करतो, त्याला देव कृपा नाकारत नाही. वाक्य दयाळू आहे. देव अशक्य मागत नाही, जमेल तेवढेच मागतो. पण हे वाक्य एखाद्या सचोटीच्या, हळव्या मनाच्या माणसाच्या हाती द्या. मला जमण्यासारखे होते तेवढे मी केले का? काल रात्री आणखी अर्धा तास प्रार्थना करता आली नसती का? पापनिवेदन केले, पण भीतीपोटी केले की प्रेमापोटी? विसरलेली पापे किती? ल्यूथर तासन्‌तास पापनिवेदन करत असे, आणि त्याच्या ऑगस्टिनियन संघाचा प्रमुख श्टाउपित्झ त्याला स्वतःकडे पाहणे सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहा असे सांगत असे. निष्काळजी माणसाला त्या वाक्याचा काहीच त्रास होत नाही. त्रास होतो तो जो मनापासून प्रयत्न करतो त्याला. रोमकरांस पत्रात ल्यूथरला जे सापडले ते या त्रासावरचे उत्तर होते: देवाचे नीतिमत्त्व हे तुझ्याकडून वसूल करायचे देणे नसून ख्रिस्तात तुला दिलेले दान आहे, आणि विश्वास म्हणजे ते घ्यायला पुढे केलेला हात.

ट्रेंटने ते जुने वाक्य आपलेसे केले नाही, हे फार कमी प्रॉटेस्टंटांना ठाऊक असते. सहाव्या सत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, माणसाच्या कसल्याही पुण्याशिवाय. आठवा म्हणतो की नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो की कृत्ये, त्या कृपेला पात्र ठरवत नाही. आरंभापुरते बोलायचे तर इथे ल्यूथर आणि ट्रेंट यांच्यात भांडणाला जागा उरलेली नाही.

मग पवित्र शास्त्रातल्या त्या प्रसिद्ध झटापटीचे काय? पौल म्हणतो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो की तो कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. एका बाजूने पौलाचे पत्र उगारायचे, दुसऱ्या बाजूने याकोबाचे, आणि दोघांनी एकमेकांना गप्प केल्याचे समाधान मानायचे, हा खेळ वर्षानुवर्षे चालू आहे. ल्यूथरसारखा माणूसही त्यात घसरला आणि याकोबाच्या पत्राला त्याने पेंढ्याचे पत्र म्हटले. पण दोघेही एकाच माणसाचे उदाहरण देतात आणि उत्पत्तीतले एकच वचन उद्धृत करतात: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आले. पौल थांबतो तो त्या रात्रीपाशी, जेव्हा अब्राहामाच्या हाती फक्त चांदण्यांनी भरलेले आकाश आणि संततीचे वचन होते. मूल नव्हते, सुंताही झालेली नव्हती. ती त्याच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी झाली. परराष्ट्रीयांनी आधी सुंता करून घ्यावी आणि मग ख्रिस्ताकडे यावे, असे म्हणणाऱ्यांशी पौल झुंजत होता, म्हणून त्याला तीच रात्र हवी होती. याकोब त्याच माणसाकडे पुढे, मोरिया पर्वतावर पाहतो, जिथे इसहाकावर त्याने सुरी उचलली. त्याच्यासमोर सुंतेचा प्रश्नच नाही. त्याच्यासमोर आहे तो उपाशी, उघड्या भावाला ‘खुशाल जा, ऊब घे, पोटभर जेव’ असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा विश्वासी. भुतेदेखील देव एकच आहे असे मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब त्याला सुनावतो. पौलासमोर हा माणूस आला असता तर त्याने त्याला पाठीशी घातले असते का? ज्याने गलतीकरांना लिहिले की प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासालाच मोल आहे, आणि करिंथकरांना लिहिले की डोंगर हलवणारा विश्वास असला पण प्रीती नसली तर मी काहीच नाही, तो पौल? आणि आधी सुंता कर, मग देव तुला स्वीकारील, असे म्हणणाऱ्याच्या बाजूने याकोब उभा राहिला असता का? प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या सभेत तो नेमका त्याच्या विरोधात बोलला.

मला तर मत्तयाच्या शुभवर्तमानातले दोन उतारे या वादात अधिक जागे करतात, आणि ते एकत्र वाचलेले क्वचितच ऐकू येतात. पंचविसाव्या अध्यायात राजा मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो. निकष सगळे कृत्यांचे आहेत: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, तुरुंगातल्याची भेट. केवळ विश्वासाची भाषा बोलणाऱ्या प्रॉटेस्टंटाला इथून सुटका नाही. पण उजवीकडचे काय म्हणतात ते पाहा. प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांना आठवतच नाही. त्यांनी कधी मोजलेच नव्हते. आता सातवा अध्याय. तिथे काही जण राजापुढे आपली यादी घेऊन उभे राहतात: तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला, भुते काढली, पुष्कळ अद्भुते केली. त्यांना उत्तर मिळते, मला तुमची कधी ओळखच नव्हती. म्हणजे ज्यांनी केले त्यांना ठाऊक नाही आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांची यादी चालत नाही. कृत्यांवाचून उजवीकडे जागा नाही, आणि कृत्ये पुढे करणाऱ्यालाही जागा नाही. विश्वास की कृत्ये असे विचारणाऱ्याला हे दोन अध्याय एकत्र वाचून दाखवावेत आणि उत्तराची वाट पाहावी.

एकदा तर या वादावर तडजोड खरोखर हातात आली होती. १५४१च्या वसंतात सम्राट पाचव्या चार्ल्सने रेगेन्सबुर्गला दोन्ही बाजूंचे सहा धर्मपंडित समोरासमोर बसवले. कॅथलिकांकडून योहान एक, फ्लूग आणि ग्रोपर. प्रॉटेस्टंटांकडून मेलांख्थॉन, बुत्सर आणि पिस्टोरियस. पोपचा प्रतिनिधी होता कार्डिनल गास्पारो कॉन्तारिनी, ल्यूथरच्याच वर्षी, १४८३ मध्ये, जन्मलेला व्हेनिसचा सरदार. या कॉन्तारिनीने १५११ सालीच, ल्यूथरचे नाव कोणी ऐकलेले नसताना, एका मित्राला लिहिले होते की माझ्या पापांची भरपाई कितीही तप केले तरी माझ्याने होणार नाही. ख्रिस्ताच्या दुःखसहनावर विसंबणे एवढेच माझ्या हाती आहे. रोमशी एकनिष्ठ राहूनही त्याला तेच उमगले होते. मे महिन्याच्या आरंभी नीतिमान ठरण्याविषयीच्या कलमावर सहाही जणांचे एकमत झाले. तिथे हजर असलेला सुधारक काल्विन एका पत्रात आश्चर्य व्यक्त करतो की प्रतिपक्षाने इतके मान्य केले. मग चर्चा प्रभुभोजनावर आणि ख्रिस्तसभेच्या अधिकारावर आली, आणि तिथे घोडे पेंड खाऊ लागले. ल्यूथरने ते कलम ठिगळे जोडल्यासारखे आहे म्हणून झिडकारले, रोमनेही स्वीकारले नाही. पुढच्या वर्षी कॉन्तारिनी वारला. पण इतिहासातली ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे की तारणाच्या ज्या मुद्द्यावर ख्रिस्ती जग फुटले असे आपण समजतो त्या मुद्द्यावर समेट झाला होता, आणि बोलणी मोडली ती दुसरीकडे.

आता जिथे ट्रेंट आणि सुधारक खरोखर वेगळे होतात तिथे येऊ. सुधारकांचे म्हणणे, देव पाप्याला ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर नीतिमान गणतो. ते नीतिमत्त्व अखेरपर्यंत ख्रिस्ताचेच राहते आणि माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. ट्रेंटचे म्हणणे, देव नुसते गणत नाही, तो आपली प्रीती अंतःकरणात ओततो आणि माणसाला खरोखर नीतिमान करतो. स्नानसंस्कारानंतर, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर, उरणारी पापाची ओढ हे स्वतः पाप नव्हे. सुधारकसुद्धा मानतात की देव माणसाला बदलतो. काल्विन म्हणे, नीतिमान ठरवतो तो एकटा विश्वास, पण नीतिमान ठरवणारा विश्वास एकटा नसतो. फक्त हे बदलणे तारणाचा पाया नाही, त्याचे फळ आहे, असा त्यांचा आग्रह आहे. पाया कुठला हा प्रश्न विद्वानांचा वाटतो. तो विद्वानांचा राहत नाही, जेव्हा मरणाच्या दारात असलेला माणूस विचारतो की मी कशावर टेकू?

ट्रेंटचा नववा अध्याय सांगतो की देवाच्या दयेविषयी, ख्रिस्ताच्या पुण्याविषयी, संस्कारांच्या सामर्थ्याविषयी कोणी शंका धरू नये. पण स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहून प्रत्येकाला आपल्या कृपावस्थेविषयी भीती वाटू शकते, आणि आपल्याला कृपा लाभली आहे हे कोणालाही चूक होऊच शकणार नाही अशा विश्वासाच्या खात्रीने कळत नाही. देवाविषयी खात्री, स्वतःविषयी सावधपणा. ल्यूथर म्हणेल की स्वतःकडे पाहणे हाच तर आजार. देवाचे वचन हवेत दिलेले नाही, ते मला दिले आहे. माझ्यापुरते ते खरे आहे की नाही अशी शंका धरली तर मी वचन देणाऱ्यावरच शंका घेतो. तारणाच्या वादातला खरा, न मिटलेला प्रश्न माझ्या मते हा आहे, आणि इथे मला ल्यूथरचे म्हणणे पटते. घाबरलेल्या माणसाला ‘देव दयाळू आहे, पण तुझे काय ते सांगता येत नाही’ असे म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच्याच अंतःकरणाच्या अंधारात लोटणे. ट्रेंटची भीती निराधार होती असे नाही. आपले तारण झालेच आहे अशा फुशारकीत जगणारे लोक तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण फुशारकी मारणाऱ्याला आवर घालण्यासाठी लिहिलेले कलम रडणाऱ्याच्या वाट्याला आले, आणि त्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिक कॅथलिकांनी वाहिला.

हे मी बाहेरून लादत नाही. प्रॉटेस्टंटांशी आयुष्यभर वाद घालणारा कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन याने पुण्याची शिकवण शेकडो पाने लढवली आणि त्याच ग्रंथात लिहिले की आपल्या नीतिमत्त्वाची अनिश्चितता आणि पोकळ अभिमानाचा धोका लक्षात घेता, सगळा भरवसा केवळ देवाच्या दयेवर आणि चांगुलपणावर ठेवणे हेच सर्वांत सुरक्षित. लिझ्यूच्या मठातली तेरेसा, वयाच्या चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेली, १८९५ साली लिहून ठेवते की या आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यापुढे रिकाम्या हातांनी उभी राहीन, कारण माझी कृत्ये मोज असे मी तुला सांगत नाही. आमचे सारे नीतिमत्त्व तुझ्या दृष्टीने डागाळलेले आहे, म्हणून मला तुझ्याच नीतिमत्त्वाचे वस्त्र हवे. हे वाक्य कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात आहे, आणि तेही नेमके पुण्याविषयीच्या प्रकरणात. ल्यूथरच्या शेवटच्या टिपणातले शब्द आहेत, आपण भिकारी आहोत, हे खरे. ज्या प्रॉटेस्टंटाला तेरेसाच्या या ओळीत आपला विश्वास दिसत नाही त्याने आपला विश्वास पुन्हा वाचावा.

पुण्याच्या शिकवणीविषयी मात्र माझे समाधान होत नाही. ऑगस्टिनचे म्हणणे होते की देव आमच्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा स्वतःच्याच दानांना मुकुट घालतो, आणि ट्रेंटने सोळाव्या अध्यायात तोच धागा धरला आहे. अशा अर्थाने घेतले तर माझी काही हरकत नाही. पण बत्तिसावे शापवचन नीतिमान माणूस आपल्या सत्कृत्यांनी सार्वकालिक जीवनाला खरोखर पात्र ठरतो हे नाकारणाऱ्याला शाप देते, आणि या दोहोंचा मेळ घालताना कॅथलिक धर्मपंडितांना जेवढे स्पष्टीकरण द्यावे लागते तेवढे सामान्य माणूस कधी ऐकत नाही. त्याच्या कानात एवढेच राहते की काहीतरी कमवायचे आहे. शुद्धिस्थान आणि दंडमाफी याच मुळावर वाढलेल्या फांद्या आहेत. २०२५च्या पवित्र वर्षातही दंडमाफी दिली गेली, पैशांवाचून आणि पश्चात्तापाच्या अटीसह, हे खरे. तरी प्रॉटेस्टंट माणसाला ती खटकते याचे कॅथलिकांनी नवल मानू नये.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला ल्यूथरन जागतिक संघाने आणि व्हॅटिकनने नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचा गाभा एका वाक्यात आहे: आमच्या कोणत्याही पुण्यामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आम्हाला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, तो आमची अंतःकरणे नवी करतो, आम्हाला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो आणि त्यांसाठी बोलावतो. जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातले परस्परांवरचे शाप लागू होत नाहीत असेही दोघांनी मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्ट, २०१६ मध्ये अँग्लिकन आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात सामील झाल्या. जर्मनीतल्या शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी विरोध केला होता. त्यांचा आक्षेप होता की उरलेले फरक गुळगुळीत भाषेखाली झाकले गेले, आणि तो आक्षेप पूर्णपणे फेटाळण्यासारखा नाही. एकाच वेळी नीतिमान आणि पापी हे सूत्र रोमला पचत नव्हते. सह्यांच्या आधी एक पुरवणी जोडावी लागली. मी तरी तो जाहीरनामा प्रामाणिक मानतो, कारण त्यात उरलेल्या फरकांची नावे घेतली आहेत. दुःख याचे आहे की तो वरच्या मजल्यावर राहिला. सह्या झाल्या, आणि खाली प्रवचने पूर्वीचीच चालू राहिली.

असे का होते, याचे एक कारण मला दिसते आणि ते दोघांनाही बोचेल. व्यंगचित्र हवेतून येत नाही. वर्षाकाठी इतक्या मिस्सा, इतक्या रोझरी, इतक्या यात्रा अशी मनातल्या मनात नोंद ठेवणारे कॅथलिक आहेत. त्यांनी ट्रेंटचा पहिला शाप कधी ऐकलेला नाही. अमुक तारखेला अमुक सभेत हात वर करून प्रार्थना म्हटली म्हणून कायमचे निर्धास्त झालेले, आणि त्यानंतर नोकराच्या पगारात, शेजाऱ्याच्या बांधात, बायकोशी वागण्यात काडीचाही फरक न पडलेले प्रॉटेस्टंट आहेत. त्यांनी ल्यूथरची ती प्रस्तावना वाचलेली नाही. दीट्रिख बोन्हॉफर या ल्यूथरन पाळकाने १९३७ साली आपल्याच मंडळीला सुनावले की तुम्ही कृपा स्वस्त करून वाटली, शिष्यत्वावाचून आणि क्रुसावाचून. आठ वर्षांनी त्याला फ्लॉसनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिले गेले. त्याने ट्रेंटचे वकीलपत्र घेतले नव्हते. आपल्या घरातली घाण आपण काढायची असते एवढेच तो करत होता. त्याच्यासारखे लोक दोन्हीकडे हवेत. कॅथलिक धर्मगुरूने कृत्यांचा हिशेब मांडणाऱ्याला आवरावे, पाळकाने निर्धास्त झालेल्याला हलवावे. ज्याचे त्याने आपल्या घरात सांगितले तर ते सुधारणेचे काम होते. तेच शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवून सांगितले की ते सोपे होते आणि टाळ्याही मिळतात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते आजाऱ्याच्या उशापाशी. वेगळ्या मंडळीत गेलेला मुलगा किंवा पुतण्या येतो आणि आयुष्यभर मिस्सेला गेलेल्या म्हातारीला विचारतो की तुझे तारण झाले आहे का. तिला त्याच्या भाषेत उत्तर देता येत नाही. ती फक्त क्रुसाकडे बोट करते. तेच उत्तर आहे, पण तो ते ऐकायला आलेला नसतो. किंवा उलट, प्रॉटेस्टंट सुनेच्या आईला कोणी सांगते की पापनिवेदन न करता गेलीस तर काय होईल कुणास ठाऊक. या दोन्ही माणसांना मी निर्दय म्हणतो, त्यांचा आवेश कितीही खरा असला तरी. क्रुसावर शेजारी लटकलेल्या चोराला येशूने विश्वास आणि कृत्ये यांची फोड विचारली नाही, आणि त्याच चोराने उरलेल्या श्वासात जे एक सत्कृत्य करता येण्यासारखे होते ते केलेही होते: दुसऱ्या चोराला गप्प केले आणि निरपराध माणसाच्या बाजूने साक्ष दिली.

१९९९च्या जाहीरनाम्यापासून दूर राहिलेल्या मंडळ्या आज जगात झपाट्याने वाढत आहेत: बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल, स्वतंत्र सुवार्तिक मंडळ्या. कॅथलिकांशी त्यांचा संबंध बहुतेक ठिकाणी घरातून येतो, लग्नातून, मतांतरातून, म्हणून तो अधिक कडवट असतो. त्यांच्याशी बोलणी विद्यापीठांत होणार नाहीत, आणि त्यांना जाहीरनाम्याच्या चव्वेचाळीस परिच्छेदांत रसही नाही. त्यांना खात्रीचा प्रश्न विचारायचा आहे: मी आज मेलो तर कुठे जाईन? कॅथलिक धर्मशिक्षकाने या प्रश्नाला उद्धटपणा समजून टाळू नये. आपल्याच तेरेसाचे उत्तर द्यावे, पूर्ण वाक्य, मोठ्याने. आणि सुवार्तिक पाळकाने याकोबाचे पत्र अडचणीचे म्हणून ओलांडून न जाता वर्षातून एकदा तरी पाच अध्याय सलग, कसलीही सारवासारव न करता, आपल्या मंडळीपुढे वाचावे, मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी आकाशापर्यंत ओरडते असे सांगणाऱ्या पाचव्या अध्यायासकट.